न्यूट्रलला ठेवलेली गाडी

दिवाळीच्या आधीची संध्याकाळ. सोलापुरात नवी पेठेच्या आसपास, पैसे देऊन गाडी लावायची एक जागा. पांढऱ्या गाडीच्या मागच्या बंपरला डाव्या कोपऱ्यात वीतभर ओरखडा, बंपर एका अंगाने क्लिपांतून सुटून लोंबलेला, आणि दोन्ही हातांत कापडाच्या पिशव्या घेतलेला मालक पावत्या फाडणाऱ्या पोरावर तोंडसुख घेत होता. पोरगं अठरा-एकोणीसचं असेल. "मला काय म्हाईत नाई ओ साहेब, आधीचंच असंल की." भोवती नेहमीसारखं कोंडाळं जमलं. कुणी तेलुगूत पोराची बाजू घेतली, कुणी सोलापुरी हिंदीत साहेबांची. शेवटी पोराने कमरेच्या पिशवीतून पाचशे रुपये मोजून काढले. मालकाने ते खिशात घातले, रुमालाने बंपर पुसला, तळहाताने दाबून कसाबसा बसवला आणि गाडी काढली. प्रकरण मिटलं असं सगळ्यांनाच वाटलं. डोक्यातून जाईना ते एवढंच, की ज्याने पैसे द्यायला हवे होते तो माणूस तिथे नव्हताच. पोराच्या पिशवीतले पैसे गल्ल्याचे. रात्री हिशेब लागला नाही की ते त्याच्या हजेरीतून कापले जाणार. ठेकेदाराला बंपरबद्दल कळणारही नाही.

असल्या जागांवर गाडी लावताना एक वाक्य हमखास ऐकू येतं. "न्यूट्रलला ठेवा साहेब, हँडब्रेक सोडा." जागा चाळीस गाड्यांची, लावायच्या साठ. मग मागे आडव्या गाड्या उभ्या राहतात, आणि आतली गाडी काढायची झाली की आडवी गाडी दोघं मिळून ढकलतात. कधी पुढे, कधी मागे, कधी उताराचा अंदाज चुकून सरळ खांबावर. काही ठिकाणी तर किल्लीच मागून घेतात आणि ती पत्र्याच्या टपरीत खिळ्याला लटकते. आपण हे सगळं सोय म्हणून मान्य करतो, पण भरपाईचा पाया नेमका तिथे आहे. गाडी तुम्ही लावली, कुलूप तुम्ही घातलं, किल्ली तुमच्या खिशात, तर ठेकेदार म्हणू शकतो की मी फक्त जागा भाड्याने दिली. मग त्याचा निष्काळजीपणा दाखवणं तुमच्या गळ्यात येतं. किल्ली त्याच्या माणसाच्या हातात गेली की गाडी त्याच्या ताब्यात गेली. सूत रंगवायला रंगाऱ्याकडे टाकलं की ते धड परत करणं ही रंगाऱ्याची जोखीम असते, तसंच हे. भारतीय करार कायदा, 1872 मधलं कलम 148 याच व्यवहाराबद्दल आहे. कलम 151 सांगतं की वस्तू ताब्यात घेणाऱ्याने साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायची, आणि कलम 152 नुसार तेवढी काळजी घेतली असेल तरच तो नुकसानीतून सुटतो. न्यूट्रलला ठेवायला लावणं हे या दोन टोकांच्या मधलं प्रकरण. किल्ली दिलेली नाही, पण गाडी हलवायची सत्ता त्याने मागून घेतली. युक्तिवादाला जागा आहे, आणि ती तुमच्या बाजूने आहे. म्हणून हँडब्रेक सोडायला कोणी सांगितलं, किती वाजता, हे तक्रारीच्या पहिल्या परिच्छेदात यायला हवं. लोक ते लिहितच नाहीत.

पावतीवर मात्र छापलेलं असतं: वाहन मालकाच्या जबाबदारीवर.

ही ओळ वाचून निम्मे लोक तिथेच गप्प बसतात. ती छापलेली असते त्यासाठीच. पण छापलं म्हणून ठेकेदार हात झटकू शकतो असं नाही. दिल्लीच्या ताज महाल हॉटेलातून 1 ऑगस्ट 1998 च्या रात्री एक मारुती झेन चोरीला गेली. पाहुण्याने किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिली होती, आणि हातात मिळालेल्या चिठ्ठीवर जोखीम मालकाची असंच छापलेलं होतं. विमा कंपनीने मालकाला पैसे दिले आणि मग दोघांनी मिळून हॉटेलविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रार केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 14 नोव्हेंबर 2019 ला निकाल लागला. एकदा गाडी हॉटेलच्या माणसाच्या ताब्यात गेली की ती धड परत देण्याचं बंधन आपोआप येतं, स्वतःच्या किंवा नोकरांच्या हलगर्जीपणाची जबाबदारी चिठ्ठीवर ओळ छापून टाळता येत नाही, आणि आपण काळजी घेतली होती हे आधी हॉटेलने दाखवायचं, असं न्यायालयाने सांगितलं. पार्किंग फुकट होतं हा बचावही टिकला नाही, कारण खोलीच्या भाड्यात आणि जेवणाच्या बिलात त्याचा खर्च धरलेलाच असतो. निकाल हॉटेलपुरता आहे हे खरं. शहरातल्या पे अँड पार्कला तो जसाच्या तसा चिकटत नाही, ठेकेदाराचा वकील तेच म्हणेल. पण जिथे किल्ली घेतली जाते तिथे कलमं तीच लागतात, आणि नोटिशीत या निकालाचा नुसता उल्लेख असला तरी समोरच्याचा सूर बदलतो.

आता त्या रुमालाबद्दल. सोलापुरात गाडी दोन तास उघड्यावर उभी राहिली की तिच्यावर धुळीचा थर बसतो. एरवी त्याचा वैताग येतो, पण ओरखडा पडलेल्या दिवशी हा थर साक्षीदार असतो. गाडी ढकलली असेल तर डिकीच्या झाकणावर नाहीतर बॉनेटवर तळहातांचे ठसे उमटलेले दिसतात, बोटांसकट. आडव्या उन्हात किंवा मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून फोटो काढला तर ते स्पष्ट येतात. ओरखड्याच्या कडेला धूळ तुटलेली असते. जुन्या चरात मात्र धूळ आणि पॉलिशचा पांढरा गाळ बसलेला असतो. ताज्या चराची कड खरखरीत लागते आणि त्यात रंगाची भुकटी अडकलेली असते. "आधीचंच असंल की" याला यापेक्षा चांगलं उत्तर नाही. आणि माणूस पहिली गोष्ट करतो ती काय, तर रुमाल काढून पुसतो.

त्यामुळे गाडी हलवण्याआधी फोटो. आधी लांबून, चारही कोपऱ्यांतून, शेजारच्या गाड्यांच्या नंबर प्लेटा आणि पार्किंगचा फलक एका चौकटीत येईल असे. मग जवळून, आणि ओरखड्याशेजारी पावतीच धरायची म्हणजे लांबीचा अंदाज आणि त्या दिवसाची वेळ दोन्ही एका फोटोत येतात. जमिनीपासून ओरखड्याची उंची मोजायची. टेप नसेल तर काठी उभी धरून खूण करा आणि नंतर मोजा. खांबाच्या कठड्याचा मार आणि दुसऱ्या गाडीच्या बंपरचा मार यांची उंची क्वचितच जुळते, आणि कुणी ठोकलं या वादाचा निकाल पुष्कळदा तेवढ्यावर लागतो. खाली पडलेले तुकडे, म्हणजे लाल काच, क्लिप, रंगाची पापडी, पाकिटात घालून ठेवायचे. बंपरवर दुसराच रंग घासलेला दिसला तर घाबरू नका. तो बऱ्याचदा वरवर बसलेला असतो आणि कंपाउंडने निघतो. नख फिरवून बघा. नख अडकलं नाही तर मार वरच्या क्लिअर कोटपुरताच आहे आणि पॉलिशमध्ये भागतं. नख अडकलं तर पॅनेल रंगवावं लागणार. हे फोटो मूळ फाइलमध्ये जपा, कारण व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या प्रतीत फोटो दाबला जातो आणि काढल्याची तारीख-वेळही उरत नाही.

बंपर हाताने दाबून बसवण्याचा मोह तर सगळ्यांनाच होतो. प्लास्टिक लवचिक असतं, बसतंही. पण आत ब्रॅकेटचे कान तुटलेले असतात, सेन्सरची वायर ओढली गेलेली असते, पुढचा मार असेल तर हेडलाइटचा एखादा टॅब मोडलेला असतो. हे गॅरेजमध्ये बंपर उतरवल्यावरच दिसतं. म्हणून पहिलं इस्टिमेट घेताना त्यावर "बंपर उघडल्यावर आढळणारं नुकसान वेगळं" एवढं लिहून घ्यावं. डेंटर-पेंटर ते आनंदाने लिहितात, त्यांनाही नंतरची कटकट नको असते.

कॅमेरा आहे म्हणून लोक निर्धास्त होतात. डीव्हीआरची, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राची, डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. डिस्क केवढी आणि कॅमेरे किती यावर ते आठवड्यात होतं की महिन्यात, हे ठरतं. त्याच संध्याकाळी दोन ओळींचा अर्ज द्या: अमुक तारीख, या वेळेपासून या वेळेपर्यंतचं चित्रण जपून ठेवावं. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. सही देत नसतील तर तोच मजकूर ठेकेदाराच्या नंबरवर पाठवा. "पोलिसांचं पत्र आणा" असं उत्तर मिळेल. मिळू द्या. अर्ज दिल्यावरही चित्रण पुसलं गेलं तर ते त्यांच्या अंगावर शेकतं. समोरच्या दुकानदाराचा कॅमेरा अनेकदा जास्त कामाचा ठरतो, आणि दुकानदार सहसा नाही म्हणत नाहीत, फक्त दुपारच्या झोपेच्या वेळी जाऊ नये. पडद्यावरचं चित्रण मोबाइलने टिपलं तर तेवढ्यावर थांबू नका. पेनड्राइव्हवर प्रत घ्या आणि सोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे, हे चित्रण कुठल्या यंत्रातून कसं घेतलं याचं प्रमाणपत्र घ्या. ग्राहक आयोग पुराव्याच्या बाबतीत कोर्टाइतका काटेकोर नसतो, पण प्रमाणपत्र असलं की समोरच्याची एक पळवाट बंद होते.

आणि पोलीस? ठोकणारी गाडी पळून गेली असेल तर अर्ज जरूर द्यावा, कारण नंबरावरून मालक तेच शोधू शकतात. पण पार्किंगवाल्याच्या धक्क्याने बंपर तुटला तर तो गुन्हा ठरेलच असं नाही. कायद्यात ज्याला आगळीक म्हणतात तो गुन्हा म्हणजे मुद्दाम, जाणूनबुजून नुकसान करणं, आणि इथे असतो तो निव्वळ धसमुसळेपणा. चौकीत "हे दिवाणी आहे" म्हणाले तर ते टाळत आहेत असंच नाही. अर्जाची पोच घेऊन यायचं. दुसऱ्या गाडीने ठोकलं असेल आणि नुकसान मोठं असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचाही रस्ता आहे, मात्र अपघातापासून सहा महिन्यांत. ओरखड्यासाठी तिकडे कुणी जात नाही, जाऊही नये.

विम्याचं गणित मांडून बघितल्याशिवाय दावा टाकू नका, हे गॅरेजवाला सांगणार नाही. त्याला काम हवं असतं. समजा, जीएसटी सोडून इस्टिमेट असं आलं: बंपर 3,000, रंगकाम 3,000, मजुरी 800. एकूण 6,800. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कलम, नसेल तर प्लास्टिकच्या भागावर निम्मी घसारा-कपात, म्हणजे 1,500 गेले. रंगकामाचा चौथा हिस्सा सामानाचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे 375. शिवाय 1,500 सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट, म्हणजे मालकाने स्वतः सोसायची रक्कम, 1,000. हातात येतात 3,925. आता दुसरी बाजू. तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, 50 टक्क्यांवर पोचलेला आहे आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता 8,000 आहे असं धरा. बोनस असताना 4,000 भरत होता. दावा केला की पुढच्या वर्षी पूर्ण 8,000, मग 20 टक्के सूट, मग 25, मग 35, मग 45, आणि तेव्हा कुठे परत 50. हप्ता तेवढाच राहिला तर या वर्षांत जादा भरलेले पैसे होतात 10,000. गाडी जुनी होत जाते तसा हप्ता उतरतो, म्हणून आकडा थोडा कमी धरा. तरीही 3,925 साठी हे करायचं का? बोनस सांभाळणारं जादा कलम पॉलिसीत घेतलं असेल तर प्रश्नच नाही. दावा करायचाच असेल तर दुरुस्तीआधी कंपनीला कळवा, सर्व्हेअरला मूळ स्थिती दिसू द्या, आणि वर्षभराचे सगळे ओरखडे एकाच दाव्यात घुसवू नका. प्रत्येक मार वेगळी घटना धरली तर प्रत्येकाची वजावट वेगळी होते.

विमा घेतला की ठेकेदार सुटला असंही नाही. एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मिळणार नाहीत, पण वजावट, घसाऱ्याने कापलेली रक्कम आणि गेलेला बोनस हे ठेकेदाराकडे मागता येतं. विमा न वापरता पूर्ण दुरुस्तीचा खर्च त्याच्याकडे मागणं हा लहान मारात सरळ मार्ग आहे.

पण ठेकेदार कोण? पावतीवर पुष्कळदा नुसतं "पे अँड पार्क" आणि एक अस्पष्ट शिक्का. पोराला विचारलं तर तो "आण्णा" म्हणून कुणाचं तरी नाव सांगतो. जागा महापालिकेची असो, रेल्वेची की एसटीची, ठेका ज्याने दिला त्याच्याकडे करारनामा असतोच. माहिती अधिकारात दहा रुपयांच्या शुल्कावर अर्ज करून करारनाम्याची प्रत मागायची: ठेकेदाराचं नाव-पत्ता, किती गाड्यांची परवानगी, दर, मुदत, अनामत रक्कम, नुकसानीबद्दलची अट. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. यातलं "किती गाड्यांची परवानगी" हे कलम सोन्यासारखं. परवानगी चाळीसची आणि फोटोत साठ दिसत असतील तर निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करायला फार काही उरत नाही. गाडी ढकलणारं पोरगं ठेकेदाराच्या कामावर होतं, तेव्हा त्याच्या हातून झालेल्या नुकसानीला ठेकेदार बांधील. पोराकडून पाचशे घेऊन निघून गेलात तर पुढे हेच सांगितलं जाईल की साहेबांनी पैसे घेऊन मिटवलं होतं.

नोटीस साधीच असावी. घटना, ताबा कसा दिला, नुकसान, इस्टिमेटची रक्कम, पंधरा दिवसांची मुदत. ठेकेदार आणि ठेका देणारी संस्था, दोघांना. स्पीड पोस्टाने, पोच घेऊन. बरीच प्रकरणं इथेच मिटतात, कारण संस्थेकडून ठेकेदाराला फोन गेला की त्याला पुढचं नूतनीकरण आठवतं. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांची मुदत आहे, सेवेसाठी मोजलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइनही भरता येते. इथे एक बारीक गोम आहे. पावतीवरची ओळ अन्याय्य करार आहे, ती रद्द करा, असं मुख्य मागणं घातलं तर तो विषय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे राज्य आयोगाकडे जातो आणि जिल्हा आयोग तक्रार परत करू शकतो. म्हणून मागणं सेवेतल्या त्रुटीचं ठेवा आणि ओळीचा मुद्दा युक्तिवादात आणा. रक्कम फुगवू नका. सहा हजारांच्या बंपरसाठी मानसिक त्रासाचे दोन लाख मागितले की खऱ्या सहा हजारांकडेही संशयाने बघितलं जातं. कायद्यात तीन महिन्यांत निकाल लिहिलेला आहे, तारखा मात्र त्याहून लांब जातात. हे धरूनच चालावं.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरते, वर्षभर अक्कलकोट-तुळजापूरला जाणारे लोक गावात थांबतात, आणि पार्किंगमध्ये कर्नाटक-तेलंगणाच्या पाट्या निम्म्याने दिसतात. नुकसान झालं की हे लोक "आता इथे कोण हेलपाटे घालणार" म्हणून सोडून देतात. नव्या कायद्यात तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. कलबुर्गीचा माणूस कलबुर्गीत बसून सोलापूरच्या ठेकेदाराला नोटीस काढू शकतो. ठेकेदारांना हे अजून फारसं माहीत नाही असं दिसतं.

मंगल कार्यालयाचं वेगळं. तिथे पावती नाही, पैसे नाहीत, पण शिट्टी वाजवणारा माणूस किल्ली घेतो. पाहुण्याने काही दिलेलं नसलं तरी कार्यालयाचं भाडं यजमानाने दिलेलं असतं, आणि दुसऱ्याने पैसे मोजलेल्या सेवेचा त्याच्या संमतीने लाभ घेणाराही ग्राहकच धरला जातो. अडचण कायद्याची नसते, नात्याची असते. मुलीच्या लग्नाच्या दिवशी व्याह्यांच्या गाडीच्या ओरखड्यावरून कार्यालयाला नोटीस काढायची कुणाची हिंमत होते? रस्त्याकडेला लिंबाखाली फुकट लावलेल्या गाडीला मात्र राखणदार कुणी नाही. उन्हाळ्यात ती सावली सगळ्यांनाच हवी असते. वाळकी फांदी पडली तर महापालिकेने हयगय केली हे दाखवावं लागतं, आणि त्याच झाडाबद्दल आधी कुणी लेखी तक्रार केलेली असेल तरच ते जमतं. एरवी आपला विमा बरा.

दुचाकीवाल्यांची दखल कुणी घेत नाही, आणि या गावात तेच जास्त. एक गाडी कलली की ओळ पडत जाते. आरसा, इंडिकेटर, ब्रेकचा लिव्हर, लेगगार्ड. दुचाकीला सक्तीची वजावट फक्त 100 रुपये आहे, पण पुष्कळांकडे निव्वळ थर्ड पार्टी असते, तिथे स्वतःच्या गाडीचं काहीच मिळत नाही. वाकलेला लिव्हर हाताने सरळ करून चालवू नका. ओतीव धातू परत वाकवला की तडकतो आणि ऐन वेळी तुटतो. हे दोनतीनशेचं काम आहे, आणि हे पैसे मात्र जागेवरच मागावेत. ठेकेदाराला फोन लावून, त्याच्याच यूपीआयवरून. पोराच्या पिशवीतून नको.

जागेवर मिटवायचं ठरलं, तर कागद करा. तारीख, गाडीचा नंबर, कोणत्या नुकसानीपोटी किती, आणि आत आणखी तुटलेलं निघालं तर ते वेगळं, ही ओळ. सही ठेकेदाराची. दुरुस्ती झाली की बिलावर भागांची नावं सुटी लिहून घ्या, "बॉडी वर्क" असं एकत्र नको. आणि उतरवलेला बंपर गॅरेजवाला तिसऱ्या दिवशी भंगारात घालतो, तो गाडीत टाकून घरी आणा. प्रकरण मिटेपर्यंत गच्चीवर पडला तरी चालेल, घरचे चार दिवस बोलतील.